पंचाला आत घ्या

मी कुस्तीचा पंच. चाळीस वर्षं जत्रांच्या आखाड्यात उभा राहिलो. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की दादासाहेबांच्या रानात पोरं खेळायची आणि चेंडू आमच्या गोठ्यात आला की मी तो म्हशीच्या पायाखालून काढून द्यायचो.

दादासाहेबांनी भरवलेल्या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलच्या आठ दिवस आधी बारामतीचे सर मोटारसायकलवरून पडले. पंच म्हणून तेच यायचे होते. त्याच संध्याकाळी फायनलला आलेल्या दोन्ही गावचे कप्तान माझ्या ओट्यावर येऊन बसले. वडगाव निंबाळकर माझं आजोळ. अंथुर्ण्यात माझी लेक सोनल दिलेली. मी सणसरचा. दोघांनाही वाटलं, म्हातारा आपलाच आहे.

"आबा, शिट्टी तर तुमच्याकडं हायच," वडगावचा कप्तान अविराज म्हणाला. "फकस्त नियम तेवढं बघून घ्या." आणि त्याने माझ्या हातात वीस पानांचं पुस्तक ठेवलं.

मला अक्षरं बासष्टाव्या वर्षी आली. दिवसाला एक पान हा माझा वेग. आठ दिवसांत आठ पानं झाली. आठव्या पानावर चेंडूला हात लागला तर काय करायचं ते होतं. पुढच्या बारा पानांत जे असेल ते साधारण कुस्तीसारखंच असणार, असं मी धरून चाललो.

रविवारी दुपारी दादासाहेबांच्या रानात चिक्कार माणूस जमलं. ऊस तुटून गेल्यावर त्यांनी तिथं खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचं दुसरं पीक, धरला नव्हता. रोटर मारून, वरून रोलर फिरवून मैदान करून दिलं होतं. चुन्याच्या फक्कीच्या रेघा, बांबूचे गोल, आणि गोलाला डाळिंबावर पाखरांसाठी टाकतात ती जाळी. माईकवर आमचा रावजी. तोही कुस्तीचाच निवेदक. त्यामुळे वडगावचा पोरगा चेंडू घेऊन पळाला की रावजी ओरडायचा, "पट काढला, पट काढला, आता घिस्सा मारतोय," आणि चेंडू बाहेर गेला की, "गडी आखाड्याबाहेर." हलगीवालाही त्याच हिशेबानं वाजवत होता.

पहिला गोल अंथुर्ण्याचा, दुसरा वडगावचा. नंतर कुणाचंच काही होईना. वेळ संपली. एकास एक.

आता कुस्तीत काय असतं, दोन तोलामोलाचे गडी पाऊण तास झुंजले आणि पाठ कुणाचीच लागत नसली, तर पंच मधे जातो. दोघांचे हात धरतो आणि वर करतो. कुस्ती बरोबरीत सुटली. दोघांना फेटे, दोघांना टाळ्या, आणि माणसं घरी. मी तेच केलं. लांब शिट्टी वाजवली, अविराजला एका हातानं धरलं, अंथुर्ण्याच्या कप्तानाला दुसऱ्या हातानं, आणि दोन्ही हात वर केले.

हलगी दोनदा वाजली आणि थांबली.

वडगावची माणसं नाचायला लागली. अंथुर्ण्याची माणसं रेघ ओलांडून आत आली. सगळी "पेनल्टी, पेनल्टी" म्हणत होती. मला तो शब्द आठ पानांत भेटला नव्हता. मग कुणीतरी सांगितलं, की बरोबरी झाली तर दोन्हीकडून पाच-पाच चेंडू मारायचे असतात, समोर फक्त गोलकीपर. अंथुर्ण्याचा गोलकीपर शिवम. या स्पर्धेत त्याने असे नऊ चेंडू अडवले होते. वडगावचा गोलकीपर प्रत्येक वेळी चेंडू आला की आधी तोंड झाकायचा. कोण का नाचतंय आणि कोण का चिडलंय, ते माझ्या ध्यानात आलं.

गर्दीतून माझे व्याही गेणबा पुढे आले. अंथुर्ण्याच्या पोरांचे टी-शर्ट त्यांनीच दिलेले. डोक्याला फेटा, हातात काठी. सोनलच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आम्हा दोघांत कधी मोठ्यानं बोलणं झालं नव्हतं.

"व्याही," ते म्हणाले, "पेनल्टी लावा."

"व्याही, हात वर झालं. आता न्हाय."

"पुस्तकात हाय म्हणत्यात पोरं."

"असंल. हात वर झालं की पुस्तक मिटलं."

यात माझा हट्ट होता, हे मी कबूल करतो. पण चाळीस वर्षांत मी दिलेला निकाल फिरवला नव्हता. पंचाकडं दुसरं असतं काय? एकदा फिरवला, की पुढच्या जत्रेत हरलेला प्रत्येक गडी म्हणणार, आबा, तितं फिरवला, मग हितं काय झालं.

गेणबांनी दादासाहेबांना विचारलं, "दुसरा पंच लावता यील का?"

दादासाहेबांनी मान हलवली. "पंच मैदानात असंल तोवर त्याचाच शबुद. त्याला काय झालं, न्यावं लागलं हितनं, तरच दुसरा."

हे खरं होतं. सहाव्या पानावर होतं.

गेणबांनी मैदानभर नजर फिरवली. बाभळीखाली पोलिसांची जीप उभी होती. "मग न्यावं लागंल," ते म्हणाले.

बंदोबस्ताला साक्षी मॅडम होत्या. खात्यातली फौजदाराची परीक्षा देणार होत्या, म्हणून सामना चालू असताना जीपच्या बॉनेटवर कायद्याचं पुस्तक ठेवून वाचत होत्या. सगळं गाव त्यांच्यापुढं जाऊन उभं राहिलं. मीही गेलो, कारण विषय माझाच होता.

"मॅडम, यास्नी अटक करा," गेणबा म्हणाले.

"कशासाठी?"

"पंच हायत ह्ये."

"तो गुन्हा नाही."

"फसवणूक केलीय. चारशेवीस लावा."

"चारशेवीस आता राहिलं नाही. तीनशे अठरा झालं. आणि निर्णय चुकला म्हणून फसवणूक होत नाही." मॅडमनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "यांनी वडगावकडून काही घेतलं का?"

"सकाळधरनं चहाबी घेतला न्हाय," मी म्हणालो.

"मग विषय संपला."

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. मला जीपमधे घालून नेलं, तर निकाल मी फिरवला असं होत नाही. मी मैदानातच नाही म्हटल्यावर दुसरा पंच येईल, पेनल्टी लावील, अंथुर्णंही खूश. माझा शब्द मात्र माझ्याबरोबर जीपमधे बसून शाबूत जाईल.

"मॅडम," मी म्हणालो, "माझी तयारी हाय. करा अटक."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "आबा, तुमची तयारी असून चालत नाही. माझ्याकडं गुन्हा पाहिजे. अटक केली की कारण लेखी द्यावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं. साहेबांनी विचारलं काय केलं यांनी, तर मी काय सांगू? फुटबॉल?"

"घरचे हायतच हितं," गेणबा म्हणाले. "मी व्याही हाय त्यांचा."

"इलेक्शनच्या टायमाला तर नुसतीच उचलत्यात," मागून एक जण म्हणाला. "खबरदारी म्हणून."

"जो दखलपात्र गुन्हा करायच्या बेतात आहे त्याला," मॅडम म्हणाल्या. "आबा कसल्या बेतात दिसत नाहीत. तुमच्या पोरांच्या हातात मात्र कोपऱ्यातल्या झेंड्यांच्या काठ्या आहेत. त्यांना घेता येईल."

चार काठ्या जमिनीवर पडल्याचा आवाज आला.

गेणबा विचारात पडले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "व्याही, कायतरी करायला लागतंय तुमाला. बारकंसंच."

"काय करू?"

"मला शिवी द्या."

मी त्यांच्याकडं बघितलं. मला शिव्या येत नाहीत असं नाही. बैल औताला धरताना मी काय काय म्हणतो ते सणसरला ठाऊक आहे. पण व्याह्याला? लेक दिलेल्या घरी? जीभ वळेना. मागे लोक वाट बघत होते. शेवटी मी घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणालो, "व्याही, आपण गाढव आहात."

"ऐकलं का मॅडम?" गेणबा आनंदानं म्हणाले.

"ऐकलं. अपमान. अदखलपात्र. एनसी लिहून घेते हवं तर. त्यात वॉरंटशिवाय अटक नाही."

"मग एक हाणा मला," गेणबा म्हणाले आणि त्यांनी गाल पुढं केला.

माझा हात पैलवानाचा. वय झालं तरी पंजा अजून जड आहे. त्यांच्या दाताचं काम महिन्यापूर्वीच बारामतीत झालेलं मला माहीत होतं. मी पंजा वर नेला आणि इतका हळू खाली आणला, की त्यांच्या गालावरची माशीसुद्धा आपल्या सवडीनं उडाली.

"साधी मारहाण," मॅडम म्हणाल्या. "अदखलपात्र."

कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा माठ दिला. मी तो फोडला.

"नुकसान. अदखलपात्र. आणि माठ कुणाचा होता?"

"माजा," गर्दीतून एक बाई म्हणाली. म्हाळसा तिचं नाव, चहाची गाडी तिची. "आन् तो भरून द्या आदी."

आता मात्र सगळं मैदान कामाला लागलं. वडगावचे आणि अंथुर्ण्याचे एकत्र बसून गुन्हे शोधायला लागले. कुणी म्हणालं धमकी, कुणी म्हणालं दुसऱ्याच्या रानात शिरणं. रानात शिरण्यावर जरा आशा होती, पण दादासाहेब म्हणाले, "मीच बोलिवलंय त्यास्नी." रावजी माईकवरून विचारायला लागला, कुणाच्या आठवणीत आबांनी मागं काही केलं असल्यास पुढं यावं. चाळीस वर्षांत हरलेले पुष्कळ गडी त्या गर्दीत असणार. पण पुढं कुणी आलं नाही.

मग वडगावचा एक शहाणा म्हणाला, "सरकारी कामात अडथळा. मॅडमची टोपी उडवा."

मॅडमनी टोपी नीट केली.

"ते दखलपात्र आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं शिक्षा."

"हाय का," गेणबा पुढं झाले. "व्याही, करा एवढं."

"पण आबांचं वय काय?"

"एकोणसत्तर," मी म्हणालो.

"तर मग नाही." त्यांनी पुस्तक उघडलं, बोटानं ओळ धरली. "तीन वर्षांच्या आतला गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या वरचा असेल, तर डीवायएसपी साहेबांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. साहेब आज पुण्याला आहेत. फोन करून मी काय सांगू, की एका म्हाताऱ्यानं माझी टोपी उडवली आणि मला त्यांना फुटबॉलच्या मैदानातून हलवायचंय?"

म्हातारा हा शब्द मला लागला, पण ती वेळ नव्हती.

"तीनच्या वरचं सांगा," गेणबा म्हणाले.

"सात वर्षांपर्यंत आधी नोटीस द्यायची. चौकशीला या म्हणून. माणूस येत असेल तर अटकेची गरज नसते."

"आन् सातच्या वरचं?"

"दरोडा. खून."

गेणबांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "इतकं नगं," ते शेवटी म्हणाले. "पावणं हायत."

मी जीपच्या पायरीवर बसलो. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, मला तुम्हाला आत घालायचा अधिकार नाही. आणि तुम्ही आतच नाही, तर सोडवू कुठून? यातनं तुमचं तुम्हालाच निघावं लागेल."

खरं सांगायचं तर निकाल चुकलेला मला पहिल्यांदा कळला असं नाही. एकदा एका जत्रेत मी इंदापूरकडच्या एका गड्याला चीत दिलं होतं. हात वर करून झाला आणि मग तो उठला, तेव्हा दिसलं की माती त्याच्या एकाच खांद्याला लागलेली आहे. दुसरा खांदा कोरडा. हलगी वाजत होती, लोक नाचत होते. मी काही बोललो नाही. तो आता हायवेला पेरू विकतो. मी कधी तिथं थांबलो, की तो पिशवीत दोन पेरू जास्त टाकतो आणि म्हणतो, "पंच, पाठ लागली नव्हती." रागानं नाही म्हणत. पेरूचा दर सांगावा तसं म्हणतो. मी मान खाली घालून पेरू घेतो.

सोनल बायकांच्या घोळक्यातून आली. तिच्या हातात तांब्या होता. आधी तिनं मला पाणी दिलं, मग सासऱ्याला.

"मामंजींना गाढव म्हणाला तुमी," ती म्हणाली.

"त्यांनीच सांगितलं."

"रावजीभाऊंनी माईकवरनं सांगितलं समद्यास्नी. आता वर्षभर मला ऐकायचंय ह्ये." तिनं तांब्या काखेत धरला. "किती पानं झाली तुमची?"

"आठ."

"मग नववं वाचा की. दिस अजून मावळला न्हाय."

तेवढ्यात अविराज आला. बरोबरी त्याच्या फायद्याची होती, म्हणून इतका वेळ तो गप्प होता. त्यानं कप बगलेत मारला होता.

"आबा," तो म्हणाला, "कप एकच हाय. वडगावात न्येला तर गावात इचारत्याल, जिकला का. काय सांगू? व्हय म्हणू का न्हाय म्हणू? तुमचं काय असंल ते असू द्या, आमची खेळायची तयारी हाय."

"तुमचा गोलकीपर तोंड झाकतो," मी म्हणालो.

"झाकू द्या."

मी उठलो. सदऱ्याच्या खिशातून पुस्तक काढलं, रावजीकडून माईक घेतला आणि मैदानाच्या मधे जाऊन उभा राहिलो. नववं पान उघडलं. हे पान मी दुसऱ्या दिवशी वाचणार होतो.

"सा-म-ना," मी वाचलं. आवाज कर्ण्यातून कालव्यापर्यंत गेला. "सामना... ब-रो..."

"बरोबरीत," अंथुर्ण्याची पाचपन्नास माणसं एकदम म्हणाली.

"थांबा. मीच वाचणार."

थांबले. मी बोट पुढं सरकवत गेलो. "बरोबरीत... सु-ट-ल्यास." इथं जोडाक्षर होतं, वेळ लागला. कुणी हसलं नाही. एक मोटारसायकल चालू झाली होती, तीही कुणीतरी बंद करायला लावली. "सुटल्यास प्रत्येक... सं-घास... पाच... पे..." हा शब्द मात्र मला आता पाठ होता. "पेनल्टी द्याव्यात."

मी पुस्तक मिटलं. अविराजला आणि अंथुर्ण्याच्या कप्तानाला जवळ बोलावलं. पहिल्यासारखेच दोघांचे हात धरले, वर केले, आणि सगळ्यांना दिसतील असे हळूहळू खाली घेतले.

"मी चुकलो," माईकमधे म्हणालो. "पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं. निकाल माघारी घेतो. पेनल्टी लावा."

रावजीला निवेदन सुचेना. चाळीस वर्षांत पंचानं असं केल्यावर काय बोलायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. हलगीवाल्यानं अंदाजानंच एक थाप मारली.

पेनल्टी सुरू झाल्या. शिवमनं वडगावचे पहिले दोन चेंडू अडवले. गेणबांनी फेटा काढून पुन्हा बांधला, वर तुरा सोडला. वडगावच्या गोलकीपरनं पहिल्याच चेंडूला दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चेंडू त्याच्या कोपरावर बसला आणि बाहेर गेला. दुसऱ्याला त्यानं पाठ केली. चेंडू पाठीवर बसला. रावजी ओरडला, "पाठ लागली, पण वाचला गडी." तिसऱ्याला तो घाबरून खालीच बसला आणि चेंडू मांडीत आला. त्यानं डोळे उघडून बघितलं, तर चेंडू आपल्याजवळच. तिकडं वडगावच्या पुढच्या तीन पोरांनी तिन्ही जाळीत मारले. अंथुर्ण्याचे चौथा आणि पाचवा हे चेंडू जाळीत गेले, पण तेवढ्यानं भागलं नाही. वडगाव तीन, अंथुर्णे दोन.

मी अविराजचा एकट्याचा हात वर केला.

गर्दी पांगली. म्हाळसानं माझ्याकडून दुसऱ्या माठाचं कबूल करून घेतलं. सोनल ट्रॅक्टरपाशी उभी राहून आम्हा दोघांना हाका मारत होती. गेणबांनी तुरा आत खोचला आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"व्याही," ते म्हणाले, "तुमचा पयला निकालच बरा हुता."

"आता न्हाय. हात वर झालं."

"मगा फिरवला की."

"मगा नववं पान वाचलं नव्हतं."

त्यांनी जीपकडं बघितलं. साक्षी मॅडम पुस्तक पिशवीत भरत होत्या.

"मॅडम," गेणबा म्हणाले.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"अजून मी काय बोललोच न्हाय."

"तरी नाही." जीप बाभळीखालून निघाली आणि बांधावरून रस्त्याला लागली.

आम्ही ट्रॅक्टरकडं चालू लागलो. अर्ध्या वाटेत गेणबा थांबले.

"व्याही, त्या पुस्तकाची किती पानं ऱ्हायली?"

"अकरा."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

"मग मी पुढल्या गुरवारी यितो," ते म्हणाले. "तवर वाचून ठिवा."